धावत्या मोटारीचा ठावठिकाणा

शर्यत संपली की विचारण्यासारखा प्रश्न एकच असतो : पहिला कोण आला? अंगणात धावणाऱ्या दोन मुलांपैकी कोणी आधी तुळशीवृंदावनाला हात लावला, हे ओसरीवर बसलेल्या आजीसही सांगता येते. परंतु धावणाऱ्यांची संख्या पन्नासाच्या घरात गेली, पायांच्या जागी चाके आली आणि वेग ताशी २०० किलोमीटरांच्या पुढे गेला, म्हणजे याच साध्या प्रश्नाचे उत्तर देताना जाणत्यांचीही त्रेधा उडते. तिचा एक प्रसिद्ध दाखला मोटारींच्या शर्यतींच्या इतिहासात नमूद आहे.

अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात डेटोना बीच नावाचे समुद्रकाठचे शहर आहे. तेथील पुळणीवर पूर्वी मोटारी धावत. पुढे तेथे अडीच मैलांच्या, म्हणजे सुमारे चार किलोमीटरांच्या घेराची पक्की धावपट्टी बांधण्यात आली आणि २२ फेब्रुवारी १९५९ रोजी तिच्यावर ५०० मैलांची पहिली शर्यत झाली. दोनशे फेऱ्यांअंती ली पेटी आणि त्यांचे प्रतिस्पर्धी यांच्या गाड्या जवळजवळ एकाच क्षणी अंतिम रेषेवरून गेल्या. त्यातच एक तिसरी गाडी, जी वस्तुतः मागे पडलेली होती, ती त्याच वेळी त्यांच्या बाजूने धावत होती. प्रथम प्रतिस्पर्ध्याला विजयी ठरविण्यात आले. त्याचा सत्कारही झाला. पेटी यांनी हरकत घेतली. मग छायाचित्रे आणि वार्तापटाच्या फिती गोळा करण्यात आल्या आणि तीन दिवसांनंतर विजय पेटी यांचा असल्याचे जाहीर झाले. हजारो डोळ्यांनी जे पाहिले होते, ते ठरविण्यास तीन दिवस लागले.

या गोंधळाचे मूळ समजून घेतले पाहिजे. लंबवर्तुळाकार धावपट्टीवर गाड्या गोल फिरत असतात. जी गाडी पुढे दिसते ती खरोखर पुढे असेलच असे नाही. कदाचित ती एक संपूर्ण फेरी मागे पडलेली असेल. त्या काळी प्रत्येक गाडीसाठी एक माणूस नेमलेला असे. आपली गाडी रेषेवरून गेली की तो घड्याळ पाही आणि कागदावर वेळ टिपून ठेवी. डोळा लवला, शेजाऱ्याशी एखादा शब्द बोलला गेला, की हिशेब चुकला. शिवाय हा हिशेब धावपट्टीवरील एकाच बिंदूपाशी, म्हणजे अंतिम रेषेपाशीच होई. उरलेल्या चार किलोमीटरांत कोण कोणाच्या पुढे आहे, हे लेखी कोठेच नसे. ही उणीव पुढे किती महागात पडणार होती, याची त्या वेळी कोणास कल्पना नव्हती.

यानंतर वीस वर्षांनी, १८ फेब्रुवारी १९७९ रोजी, हीच शर्यत आरंभापासून अखेरपर्यंत प्रथमच दूरचित्रवाणीवरून प्रत्यक्ष दाखविण्यात आली. शेवटच्या फेरीत आघाडीच्या दोन गाड्या एकमेकींवर आदळून बाद झाल्या. त्यांच्या बरीच मागे असलेली रिचर्ड पेटी यांची गाडी आपोआप पहिली ठरली. हे रिचर्ड म्हणजे ली पेटी यांचेच चिरंजीव. साऱ्या देशाचे डोळे त्या दोन गाड्यांवर खिळलेले असताना विजेता मात्र धावपट्टीच्या दुसऱ्याच भागात होता. कॅमेरा जेथे रोखलेला असतो तेवढेच जग पडद्यावर येते. मैदानात बसलेला प्रेक्षक मान वळवून हवे तिकडे पाहू शकतो. घरी बसलेल्या प्रेक्षकाला ही मुभा नसते. त्याला दिसते पुष्कळ, परंतु समजते त्या मानाने थोडे. ताशी ३०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या चाळीस गाड्यांचा घोळका पडद्यावर आला म्हणजे रंगांची एक रेघ सरकून गेल्यासारखी वाटते. तीत आपल्या आवडीची गाडी कोणती, हे सांगणार कोण?

हे सांगण्याची जबाबदारी ज्यांनी अंगावर घेतली, त्यांत स्टॅन हनी या अमेरिकी अभियंत्याचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. हनी हे हाडाचे दर्यावर्दी. शिडाच्या नौकांच्या शर्यतींत दिशा ठरविणारे नाविक म्हणून त्यांची ख्याती आहे. २००५-०६ च्या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत विजयी ठरलेल्या नौकेवर तेच नाविक होते. १९८३ साली त्यांनी ‘एटॅक’ नावाची कंपनी स्थापन करण्यात पुढाकार घेतला. प्रशांत महासागरातील बेटांवरचे नाविक होकायंत्रावाचून दूरचा प्रवास करीत. त्यांच्या हिशेबाच्या पद्धतीत आपली होडी स्थिर आहे आणि बेटेच मागे सरकत आहेत, अशी कल्पना केली जाई. ‘एटॅक’ हे नाव त्या पद्धतीवरून घेतलेले आहे. १९८५ साली या कंपनीने मोटारीत बसविण्याचे एक मार्गदर्शक यंत्र विक्रीस आणले. त्याला आकाशातील उपग्रहांचा आधार मुळीच नव्हता. चाके किती फिरली आणि गाडी कोणत्या दिशेला वळली, हे मोजून ते यंत्र गाडीची जागा अंदाजाने ठरवी. अशा अंदाजात चूक साचत जाते. पण मोटार ही रस्त्यावरूनच चालते, शेतातून किंवा भिंतीतून नव्हे, एवढी एक गोष्ट त्या यंत्राला शिकविलेली होती. गाडी रस्त्याबाहेर गेल्यासारखी वाटली की ते नकाशा पाहून आपली चूक सुधारून घेई. ही साधी युक्ती श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे शर्यतीच्या मैदानात तीच कामी आली.

दूरचित्रवाणीच्या क्षेत्रात हनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा पहिला गाजलेला प्रयोग बर्फावरील हॉकीचा होता. तिच्यातील लहानशी काळी चकती प्रेक्षकांना दिसत नाही, अशी तक्रार असे. १९९६ च्या जानेवारीत त्यांनी चकतीच्या पोटात प्रेषक बसवून पडद्यावर तिच्याभोवती निळसर प्रभा दाखविली. नवख्या प्रेक्षकांची सोय झाली. जुने रसिक मात्र चिडले. खेळ पाहावयाचा की झगमगाट, असा त्यांचा सवाल होता. दोन वर्षांत ती प्रभा मावळली. १९९८ साली या मंडळींनी ‘स्पोर्टव्हिजन’ ही कंपनी काढली आणि त्याच वर्षी अमेरिकी फुटबॉलच्या मैदानावर, चढाई करणाऱ्या संघाला कोठवर पोहोचावयाचे आहे हे दाखविणारी पिवळी रेघ पडद्यावर उमटविली. ती खेळाडूंच्या पायांखालून गेल्यासारखी दिसे. तिच्याविरुद्ध ओरड झाली नाही, कारण प्रेक्षकाला जे कळत नव्हते तेच ती सांगत होती आणि तेवढेच सांगून थांबत होती.

आता मोटारींकडे वळू. धावत्या मोटारीचा ठावठिकाणा काढण्याचा एक जुना मार्ग म्हणजे धावपट्टीखाली तारेचे वेटोळे पुरून ठेवणे. प्रत्येक गाडीत एक लहानसा बिनतारी प्रेषक असतो. गाडी वेटोळ्यावरून गेली की तो आपला क्रमांक सांगतो आणि यंत्र सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत वेळ टिपून घेते. कागद घेऊन बसणाऱ्या माणसाची जागा याने घेतली. पण वेटोळे हे अखेर जकातनाक्यासारखे आहे. गाडी नाक्यावर आली की कळते. दोन नाक्यांच्या मध्ये ती काय करते, हे नाकेदाराला ठाऊक नसते. पडद्यावर गाडीच्या डोक्यावर बाण दाखवावयाचा असेल, तर तिची जागा प्रत्येक क्षणी कळावयास हवी.

त्यासाठी नजर आकाशाकडे गेली. अमेरिकेच्या जीपीएस या योजनेचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २० हजार किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि ‘या क्षणी मी येथे आहे’ असा संदेश अखंड पाठवितात. तो संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो. तो येण्यास किती वेळ लागला, हे मोजले की उपग्रहापासूनचे अंतर कळते. तीन उपग्रहांपासूनची अंतरे कळली की जागा ठरावयास हवी. परंतु गाडीतील घड्याळ उपग्रहावरील अणुघड्याळाइतके अचूक नसते. सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली तरी अंतरात ३०० मीटरांचा फरक पडतो. म्हणून घड्याळाची चूक काढण्यासाठी चौथा उपग्रह लागतो. एके काळी नागरी वापराच्या संदेशात अमेरिकी शासन हेतुपुरस्सर भेसळ करीत असे. ती मे २००० मध्ये बंद झाली. तरीही वातावरणातून येताना संदेश किंचित रेंगाळतो आणि काही मीटरांची चूक राहतेच. प्रवाशाला तिचे काही वाटत नाही. परंतु शर्यतीत दोन गाड्यांमध्ये कित्येकदा हातभरच अंतर असते. तेथे पाच मीटरांची चूक म्हणजे एकाच्या डोक्यावरील पागोटे दुसऱ्याच्या डोक्यावर!

यावरील उपाय मोठा सरळ आहे. धावपट्टीजवळ एका ठिकाणी, ज्याची जागा आधीच काटेकोर मोजलेली आहे, एक ग्राहकयंत्र कायमचे उभे करतात. त्याला स्वतःची खरी जागा ठाऊक असते. उपग्रहांचे संदेश ऐकून जी जागा निघते ती आणि खरी जागा यांतील अंतर म्हणजे त्या घटकेची चूक. जवळपासच्या साऱ्या गाड्यांच्या बाबतीत चूक जवळजवळ तेवढीच असणार. म्हणून ती सर्वांच्या हिशेबातून वजा करता येते. पेठेतील खात्रीच्या वजनाशी ताडून दुकानदाराची मापे तपासावी, तसाच हा प्रकार. आपल्या देशात विमानांना मार्ग दाखविण्यासाठी उभारलेली ‘गगन’ ही व्यवस्था याच तत्त्वाची मोठी आवृत्ती होय. तीत देशभर पसरलेल्या केंद्रांनी शोधलेली चूक उपग्रहामार्फत विमानांना कळविली जाते.

दुसरी अडचण धावपट्टीच्या रचनेतून उद्भवते. डेटोनाच्या वळणांवर रस्ता आतल्या बाजूला ३१ अंशांनी कललेला आहे. त्यावर पायी चढणेही कठीण जाते. त्या उतारावर गाडी गेली की तिच्या छपरावरील ग्राहकाचे तोंड आडवे होते. एका बाजूचे आकाश भिंतीने आणि प्रेक्षकांच्या उंच सज्जांनी झाकले जाते. चार उपग्रह दिसावयास हवेत, तेथे कधी तीनच दिसतात. या ठिकाणी ती जुनी युक्ती उपयोगी पडली. शर्यतीपूर्वी संपूर्ण धावपट्टीची पाहणी करून तिच्या पृष्ठभागाचा, चढउतारांसह, नकाशा संगणकात साठविला गेला. गाडी हवेत उडत नाही, जमिनीखाली जात नाही. ती या पृष्ठभागावरच असणार. एवढे गृहीत धरले की एका उपग्रहाची उणीव नकाशा भरून काढतो. एटॅकच्या यंत्राने गाडीला रस्त्यावर बांधून ठेवले होते. येथे तिला धावपट्टीच्या पाठीवर बांधून ठेवले, इतकाच फरक.

तिसरी अडचण बिनतारी दळणवळणाची. त्या वेळी डेटोनाला ४३ गाड्या धावत. त्या सर्वांनी एकाच वेळी आपली जागा ओरडून सांगितली, तर कोणाचेच काही ऐकू येणार नाही. म्हणून शाळेत मास्तर हजेरी घेतात तशी व्यवस्था केलेली असते. प्रत्येक गाडीला सेकंदातील एक ठराविक सूक्ष्म वाटा दिलेला असतो. तेवढ्यात तिने आपली जागा आणि वेग सांगून गप्प बसावयाचे. ही हजेरी एका सेकंदात अनेकदा घेतली जाते. ताशी ३०० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात ८३ मीटर पुढे जाते, हे लक्षात घेतले म्हणजे इतकी घाई का, ते उमगते. दोन हजेऱ्यांच्या मधली जागा संगणक हिशेबाने भरतो. धावपट्टीभोवती ठिकठिकाणी ग्राहक उभे असल्यामुळे एकाच्या कानावर न आलेली हाक दुसरा ऐकतो.

एवढे झाले तरी पडद्यावरील बाण अजून उमटलेला नाही. कॅमेरा कोठे उभा आहे, कोणत्या दिशेला वळला आहे, किती झुकला आहे आणि त्याचे भिंग दृश्य किती जवळ आणते आहे, हेही क्षणोक्षणी मोजावे लागते. मग जमिनीवरील अमुक जागा चित्रातील कोणत्या ठिपक्यावर पडेल, हे संगणक काढतो आणि तेथे चालकाचे नाव लिहितो. या गणिताला थोडा वेळ लागतो. तेवढा वेळ चित्रही रोखून धरतात, म्हणजे नाव आणि गाडी एकाच पावलाने चालतात. घरी बसलेल्या प्रेक्षकाला यांतील काही जाणवत नाही. त्याला दिसते ते एवढेच, की घोळक्यातील प्रत्येक गाडीला आता नाव आहे.

ही योजना ‘फॉक्स’ या दूरचित्रवाणी संस्थेने २००१ सालच्या डेटोनाच्या शर्यतीपासून पडद्यावर आणली. तो दिवस १८ फेब्रुवारी २००१. शर्यतींचे नवे पर्व सुरू होत असल्याचा उत्साह होता. शेवटच्या फेरीत मायकेल वॉल्ट्रिप पहिले होते. ४६२ शर्यतींत जे यश त्यांना कधी लाभले नव्हते, ते आता हातातोंडाशी आले होते. समालोचकाच्या जागी त्यांचेच थोरले बंधू डॅरेल बसले होते. पाठोपाठ डेल अर्नहार्ट यांचे चिरंजीव होते आणि त्यांच्या मागे स्वतः डेल अर्नहार्ट, सात वेळचे अजिंक्यवीर, आपल्या तीन क्रमांकाच्या काळ्या गाडीत. शेवटच्या वळणावर अर्नहार्ट यांची गाडी डगमगली, वर गेली आणि बाहेरच्या भिंतीवर आदळली. धडक फार भयंकर दिसली नाही. याहून भीषण दिसणाऱ्या अपघातांतून चालक सुखरूप बाहेर पडलेले प्रेक्षकांनी पाहिले होते. धाकट्या भावाच्या विजयाने भारावलेले डॅरेल वॉल्ट्रिप क्षणात अर्नहार्ट यांच्या चिंतेत पडले. त्या सायंकाळी अर्नहार्ट यांच्या निधनाची वार्ता जाहीर झाली. ते ४९ वर्षांचे होते.

गाडी कोठे आहे, हे सांगणारे यंत्र ज्या दिवशी लोकांसमोर आले, त्याच दिवशी त्याची मर्यादा अशी उघड झाली. बाण गाडीचे स्थान सांगतो. गाडीतील माणसाची अवस्था सांगत नाही. अर्नहार्ट यांच्या कवटीच्या तळाला इजा झाली होती. अशी इजा टाळण्यासाठी मान आणि शिरस्त्राण यांना खांद्याशी जखडून ठेवणारे साधन तेव्हा उपलब्ध होते, परंतु ते सक्तीचे नव्हते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील या शर्यती चालविणाऱ्या ‘नॅसकार’ संस्थेने तसे साधन सक्तीचे केले. २००२ पासून गाड्यांत आघाताची नोंद ठेवणारी पेटी बसविण्यात येऊ लागली. त्याच वर्षी इंडियानापोलिसच्या धावपट्टीवर धडक सोसून घेणारी पोलाद आणि फेस यांची नवी भिंत उभी राहिली. पुढे ती इतरत्रही आली. मनोरंजनासाठी गाडीचे इतके बारीक मोजमाप करता येते, तर रक्षणासाठी का करू नये, हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा राहिला नव्हता.

या प्रश्नाचे एक उत्तर २००३ साली आले. अपघात झाला की पिवळे निशाण दाखवितात. त्यानंतरही त्या काळी चालक अंतिम रेषेपर्यंत वेगाने धावत जात, कारण क्रम ठरण्याची जागा तीच. म्हणजे पुढे गाडी मोडून पडली असताना, तिच्या बाजूने इतरांनी भरधाव जावयाचे! १४ सप्टेंबर २००३ रोजी न्यू हॅम्पशायरच्या शर्यतीत डेल जॅरेट यांची गाडी धावपट्टीवरच थांबून राहिली आणि रेषेकडे झेपावणारा घोळका त्यांच्या बाजूने निघून गेला. सुदैवाने अनर्थ टळला. पुढच्या आठवड्यापासून नॅसकारने ही चाल बंद केली. पिवळे निशाण निघाले की क्रम त्याच क्षणी गोठवावयाचा, असे ठरले. मात्र असा नियम करावयाचा तर त्या क्षणी धावपट्टीवर कोण कोणाच्या पुढे होता, हे ठाऊक हवे. धावपट्टीत जागोजागी पुरलेली वेटोळी आणि चित्रफिती यांवरून ते ठरविले जाऊ लागले. १९५९ साली जी उणीव केवळ निकालाच्या घोळाला कारण झाली होती, तीच उणीव इतकी वर्षे माणसांना मोडलेल्या गाडीजवळून धावण्यास भाग पाडीत होती. क्रम कळू लागला, तेव्हा धावण्याची गरजच उरली नाही. ज्ञान वाढले की धोका घटतो, हे वाक्य सभांतून पुष्कळदा ऐकू येते. त्याचा इतका चोख पुरावा क्वचितच मिळतो.

युरोपीय परंपरेच्या फॉर्म्युला वन शर्यतींना हाच धडा अधिक कठोर रीतीने शिकावा लागला. ५ ऑक्टोबर २०१४ रोजी जपानमधील सुझुका येथे भर पावसात शर्यत चालू होती. एक गाडी घसरून बाहेर गेली आणि तिला उचलण्यासाठी यारीचे वाहन आत आले. पिवळी निशाणे हलत होती. वेग किती कमी करावयाचा, हे मात्र प्रत्येक चालकाच्या अंदाजावर सोपविलेले होते. पुढच्या फेरीत फ्रान्सच्या झ्यूल बियांकी यांची गाडी त्याच जागी घसरली आणि त्या वाहनावर आदळली. नऊ महिने मृत्यूशी झुंजून १७ जुलै २०१५ रोजी ते गेले. तेव्हा ते अवघे २५ वर्षांचे होते. २०१५ पासून या शर्यतींत नवा नियम आला. धोका दिसताच नियंत्रण कक्षातून प्रत्येक गाडीला संदेश जातो. धावपट्टीचा प्रत्येक टप्पा किमान अमुक वेळ घेऊनच ओलांडावा लागतो. चालक घाई करीत आहे की नाही, हे त्याच्या सुकाणूवरील पडद्यावर दिसते आणि तेच नियंत्रकालाही कळते. अंदाजाची जागा मोजमापाने घेतली. गाडीशी क्षणोक्षणी बोलता आले नसते, तर असा नियम कागदावरच राहिला असता.

या साऱ्याशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. अशा शर्यती आपल्याकडेही झालेल्या आहेत. २०११ ते २०१३ या तीन वर्षांत दिल्लीजवळच्या ग्रेटर नोएडा येथे फॉर्म्युला वनच्या गाड्या धावल्या. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हैदराबादेत हुसेनसागराच्या काठच्या रस्त्यांवर विजेवर चालणाऱ्या गाड्यांची जागतिक शर्यत झाली. पण खरा संबंध याहून जवळचा आहे. १ जानेवारी २०१९ पासून भारतात नव्याने नोंदल्या जाणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत स्थानदर्शक यंत्र आणि संकटकाळी दाबावयाचे बटण असावे, असा केंद्र शासनाचा नियम झाला. आकाशातील उपग्रह, गाडीतील ग्राहक, बिनतारी संदेश आणि दूर कोठेतरी पडद्याकडे पाहणारा माणूस ही चौकडी डेटोनाला जी होती, तीच येथे आहे. घाटातून रात्री जाणारी बस आणि भिंतीला घासून जाणारी शर्यतीची मोटार या दोहोंचे गणित एकच आहे. बसमधील उतारूला विजय नको असतो, सुखरूप पोहोचणे हवे असते, एवढाच भेद.

डेटोनाचा धडा येथेही लागू पडतो. गाडीचा ठावठिकाणा कळणे ही रक्षणाची पहिली पायरी होय, शेवटची नव्हे. २००१ सालच्या त्या दुपारी पडद्यावर नावे होती, वेग होता, क्रम होता. ज्या एका साधनाने चालकाची मान सांभाळली असती, ते मात्र सक्तीचे नव्हते. तसेच बसमधील बटण कोणी दाबले आणि कक्षात त्याची हाक ऐकण्यास कोणी जागा नसला, अथवा जागा असूनही उठला नाही, तर आकाशातील उपग्रह बिचारे काय करणार? २००३ साली नियम बदलला गेला आणि २०१५ साली पुन्हा बदलला गेला, म्हणून त्या मोजमापाला मोल आले. यंत्राने ‘कोण कोठे आहे’ हे सांगावे. तेथे धावून जाणे हे माणसाचेच काम आहे आणि ते कोणत्याही यंत्रावर सोपविता येत नाही.